कुणाचे नाव राहिले, कुणाचे गेले

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बोलायचे म्हणजे विहाराचा इतिहास सांगायचा, अशी आपल्याकडे पद्धत आहे. तो आत्ताच अध्यक्षांनी सांगितला, चांगला सांगितला. आम्ही आज एका परदेशी कादंबरीवर बोलणार आहोत. काही जण हसले, ते दिसले आम्हाला. हसा. पण शेवटपर्यंत बसा, कारण ती गोष्ट फिरून आपल्या याच भिंतीवरच्या फलकाकडे येणार आहे.

आमचे शिक्षण सातवी. बाकीचे काय ते गिरणीच्या रात्रपाळीत, जेवणाच्या सुट्टीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. इंग्रजी आम्हाला डिक्शनरी जवळ असली तर येते. आमची धाकटी मुलगी कॉलेजात आहे. ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचत होती, रात्री दिवा बंद करू देईना. आम्ही विचारले, एवढे आहे काय त्यात? ती म्हणाली, पप्पा, एक मुलगी आहे, ती मरतच नाही आणि तिला कुणी ओळखतच नाही. आम्ही पुस्तक हातात घेतले, चाळीसेक पाने डिक्शनरी घेऊन वाचली, मग थकलो. पुढची गोष्ट तिने दोन रात्री बसून सांगितली. आमची मंडळीही भाजी निवडत ऐकत होती.

पुस्तकाचे नाव 'द इन्व्हिजिबल लाइफ ऑफ ॲडी लरू'. लेखिका व्ही. ई. श्वाब, अमेरिकेची. पुस्तक २०२० साली निघाले. गोष्ट सुरू होते १७१४ साली, फ्रान्समधल्या एका खेड्यात. ॲडी तेवीस वर्षांची. घरच्यांनी तिचे लग्न एका बिजवराशी ठरवलेले. तिला ते आयुष्य नको असते. लग्नाच्या दिवशी ती रानात पळते आणि मदत मागते. गावातल्या एका म्हातारीने तिला बजावून ठेवलेले असते की अंधार पडल्यावर जे देव ओ देतात त्यांच्याकडे मागू नये. पण घाबरलेल्या माणसाला दिवस मावळल्याचे भान राहत नाही. अंधारातला जो कोणी येतो त्याच्याशी ती करार करते. तिला मोकळीक हवी, आणि काळ हवा, कधी न संपणारा. तो म्हणतो, दिला.

ती घरी परत जाते. आई तिला ओळखत नाही. बाप ओळखत नाही. ती कोण म्हणून तिला दाराबाहेर काढतात. तिथून पुढे तीनशे वर्षे तेच. ती मरत नाही, म्हातारी होत नाही, पण नजरेआड झाली की समोरचा माणूस तिला पार विसरतो. दार लागले की संपले. तिला स्वतःचे नाव दुसऱ्याला सांगता येत नाही, तोंडातून निघतच नाही. कागदावर लिहिले तर अक्षर टिकत नाही. तिची खूण म्हणून जगात काही उरत नाही.

आम्ही मुलीला म्हटले, अशा कल्पना तुमच्या इंग्रजी लेखकांनाच सुचायच्या. तर आमची मंडळी भाजीवरून मान वर न करता म्हणाली, "यात नवल काय? आमच्या आईचं नाव तरी कुणाला ठावं हाय?"

आम्ही गप्प झालो. कारण खरेच, सासूबाईंचे नाव आम्हाला आठवेना. तीस वर्षे आम्ही त्यांना 'आई' म्हणत होतो आणि वस्तीत त्या थोरल्या मुलाच्या नावाने 'अमक्याची आई' होत्या. आमच्या स्वतःच्या आईची गोष्ट त्याहून वाईट. तिचे माहेरचे नाव एक, लग्नात बदललेले दुसरे, रेशनकार्डावर कारकुनाने लिहिलेले तिसरे. ती गेल्यावर दाखला काढायला गेलो, तर खिडकीवरच्या माणसाने विचारले, यातली मयत कोण? तीन नावे आणि माणूस एक. तिचे नाव आम्ही आत्ता इथे घेत नाही. शंभर बायांची राहिलेली असताना आपल्याच आईचे आधी घेणे बरे नाही. ते नंतर सगळ्यांबरोबर येईल.

आता न मरण्याची गोष्ट. ती काही फक्त फ्रान्सची नाही. आपल्या मुलखात अश्वत्थामा आहे. कपाळावर वाहती जखम घेऊन तो अजून फिरतो, वाटसरूकडे जखमेला तेल मागतो, असे लोक सांगतात. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात त्याच्या नावाचा अस्तंभा डोंगर आहे, दिवाळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते. आम्ही ती कथा खरी मानत नाही, पण सांगणाऱ्याची समज पाहा. ज्याला मरण नाही, त्याला वरदान मिळाले असे तो म्हणत नाही. शिक्षा झाली म्हणतो. आणि तरी लग्नपत्रिकेवर मुलाच्या नावामागे 'चिरंजीव' लावायचे सोडत नाही. आपण धम्मात आल्यावर 'आयुष्मान' लिहू लागलो. म्हणजे आयुष्य लाभो एवढेच. कायमचे लाभो असे नाही. आणि माणूस गेला की आपण 'कालकथित' लिहितो. आमच्या मते या दोन शब्दांत पुष्कळ धम्म आहे.

तथागतांनी ऐंशीव्या वर्षी कुशिनारा येथे दोन शालवृक्षांच्या मध्ये देह ठेवला. आनंद रडत होता. तथागतांनी त्याला समजावले की जे जन्मले, जे घडले, ते मोडणारच. ते मोडू नये असे म्हणून चालत नाही. आपल्यामागे गादीवर कुणाला बसवले नाही, धम्म हाच शास्ता म्हणून सांगितले. कादंबरीतल्या ॲडीने जे मागितले ते मागण्याची ज्याला गरज वाटली नाही, असा तो माणूस.

इथे आमच्या अभ्यासवर्गातला एक तरुण आम्हाला अडवतो. तो हुशार आहे, आज मागे उभाही आहे. तो म्हणतो, "काका, आपण आत्मा मानत नाही. सगळे अनित्य. भिक्खू नागसेन मिलिंद राजाला म्हणाले की नागसेन हे नुसते हाक मारायचे नाव आहे, रथाची चाके, आस, जू वेगळे केले तर रथ कुठे सापडतो? मग नावाचे एवढे काय घेऊन बसलात?"

प्रश्न खरा आहे. आम्ही त्यावर चार महिने विचार केला. गिरणीत हात कामाला असतात, डोके मोकळे असते, त्याचा एवढा फायदा.

आधी लेण्यांकडे जाऊ. दापोडीला लोकलमध्ये बसा, मळवलीला उतरा. रुळाच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. आपल्यातले बरेच जण गेलेत, फोटो काढून आलेत. फोटो काढताना खांबावरची, भिंतीवरची बारीक अक्षरे किती जणांनी पाहिली? कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. ते एका राजाने बांधले नाही. वैजयंतीच्या भूतपाल शेठजीचे नाव तिथे आहे, ते मोठा दाता म्हणून असणारच. पण धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी एकेक खांब दिला, त्यांचीही नावे आहेत. यवन म्हणजे ग्रीक. मिलिंद राजाही त्यांतलाच. आणि दाराच्या कामावर नाव आहे सामी याचे. वेणुवासाचा मुलगा, धंद्याने सुतार. लेण्याचे मुख आपण केले असे तो सांगतो. सुतार, बरं का! हातात पटाशी धरणारा माणूस. दोन हजार वर्षांनी त्याच्या बापाचे नावसुद्धा आपल्याला माहीत आहे. आमच्या गिरणीत आम्हाला बिल्ला नंबर होता. एक जण काम सोडून गेला की त्याचा नंबर दुसऱ्याला. आमच्या नंबरावर आधी कोण होता ते आम्ही कधी विचारले नाही. ती गिरणी बंद पडली, मस्टर कुठे गेले कुणास ठाऊक. आता दुसऱ्या गिरणीत दुसरा नंबर.

पण आम्हाला कार्ल्याला खरे खिळवले ते एका बाईने. दर्शनी भागात वेदिकेचे, म्हणजे कठड्याचे, काम आहे. ते दान कुणाचे? कोडी नावाच्या भिक्खुनीचे. आणि ती कोण, तर घुणिकाची आई. आणि ते घडवले कुणी? नंदिकाने. एका ओळीत तीन माणसे. देणारी, तिचे मूल आणि घडवणारा. 'अमक्याची आई' तिथेही आहे, पण आधी तिचे स्वतःचे नाव आहे.

मग ही माणसे अमर झाली का? नाही. इथेच कादंबरीपेक्षा मोठी गोष्ट घडलेली आहे. नाव दगडात राहिले आणि वाचणारा राहिला नाही. धम्म या मुलखातून गेला, लिपी लोक विसरले. हजाराहून जास्त वर्षे या डोंगरात माणसे जात-येत होती, गुरे बांधत होती, पावसात आडोसा घेत होती. अक्षरे डोळ्यांसमोर होती आणि कुणाला वाचता येत नव्हती. मग त्या लेण्यांना पांडवलेणी म्हणू लागले. नाशिकच्या लेण्यांना अजून म्हणतात. एवढा मोठा सम्राट अशोक, तोही याच विसरात गेला.

ती लिपी पुन्हा लागली १८३७ साली. कलकत्त्याच्या टांकसाळीत जेम्स प्रिन्सेप नावाचा इंग्रज अधिकारी होता. सांचीच्या स्तूपावरच्या लहान लहान लेखांचे ठसे त्याच्याकडे आले. त्याने पाहिले की बरेच लेख शेवटी त्याच दोन अक्षरांनी संपतात. त्याने ताडले की हे दात्यांचे लेख असावेत आणि शेवटचा शब्द 'दानं' असावा. द सापडला, न सापडला, अनुस्वार सापडला. त्या धाग्यावरून लिपी उलगडली आणि अशोकाच्या स्तंभावरचे शब्द बोलू लागले. म्हणजे बघा, सम्राटाने लहान माणसांची ओळख पटवली नाही. सांचीला एक-एक दगड देणाऱ्या साध्या उपासक-उपासिकांनी सम्राटाची ओळख पटवून दिली. त्यांनी आपले दान लिहून ठेवले नसते, तर किल्ली कुठून आली असती? दुसरे उदाहरण जवळचे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' शेवटाची नावे कोरलेली होती, म्हणून बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले. दगड कोरा असता तर?

आता आपल्या दापोडीचे सांगतो, हे पुष्कळांना नवीन असेल. मेट्रोतून खाली पाहिले तर आज पत्रे आणि इमारती दिसतात. पण इंग्रजांच्या काळात इथे मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता. जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८२८ साली तो घेतला आणि तिथे सरकारी वनस्पतीबाग झाली. इंग्रज लिहायचे 'दापुरी'. पुढे त्या बागेवर अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर अधिकारी होता. त्याने १८४७ ते १८५० या वर्षांत बागेतल्या झाडाफुलांची चित्रे काढून घेतली. सुमारे १७० चित्रे. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पतीबागेत जपून ठेवली आहेत आणि जगात 'दापुरी चित्रे' म्हणून ओळखली जातात. हेन्री नोल्टी नावाच्या अभ्यासकाने २००२ साली त्यांच्यावर पुस्तक केले. गिब्सनचे नाव राहिले. बागेचे नाव राहिले, आपल्या गावाचेही राहिले. चित्रे ज्याने काढली त्याचे नाव मात्र मिळत नाही. हिंदुस्थानातलाच कोणी चित्रकार. तीन वर्षे तो इथे पाकळीन् पाकळी बघत बसला असेल. बाग खुरपणाऱ्या माळ्यांचे तर विचारूच नका.

कादंबरीत याच्या उलटे आहे. ॲडीला स्वतःची खूण ठेवता येत नाही, पण चित्रकारांच्या मनात ती काही बीज टाकू शकते. शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने वेगवेगळ्या चित्रांत एक बाई येते, तिच्या चेहऱ्यावर सात ठिपके असतात. चित्रकाराला ती कोण ते आठवत नाही. तिथे चित्र काढणाऱ्याचे नाव आहे, चित्रातली अनाम. दापोडीत चित्रातल्या फुलाचे लॅटिन नावसुद्धा आहे आणि काढणारा अनाम.

तर त्या तरुणाला आमचे उत्तर असे. ॲडीच्या गोष्टीत दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्या आपण एकात मिसळतो. कधी न संपणे, हे तिने मागितले. ती तृष्णा. त्याबद्दल धम्म जे सांगायचे ते सांगतो. पण सगळ्यांनी तिला विसरणे, हे तिने मागितले नव्हते. ते तिच्यावर लादले गेले. माझे नाव राहो म्हणून धडपडू नकोस, हे नागसेन स्वतःच्या नावाबद्दल बोलले. दुसऱ्याचे पुसून टाक असे ते बोलले नाहीत. आपण नेमके उलटे करतो. स्वतःचे नाव फलकावर कसे येईल ते पाहतो आणि दुसऱ्याचे गेले की म्हणतो, सब्बं अनिच्चं.

हे आम्ही तुम्हाला सुनावत नाही. आता आमचे सांगतो.

१९९६ साली आपल्या विहाराच्या पत्र्याच्या शेडवर स्लॅब पडला. आम्ही तेव्हा पंचविशीत होतो, समितीचे चिटणीस होतो, अक्षर बरे म्हणून पावतीपुस्तक आमच्याकडे. तो संगमरवरी फलक, तो तिथे, उजव्या हाताला, त्यावरची यादी आमच्या हस्ताक्षरात कारागिराकडे गेली. नियम आम्हीच सुचवला होता. ५०१ रुपयांपुढे ज्यांनी दिले त्यांचे नाव. जागा कमी, दगड महाग, असे म्हणून सगळ्यांनी मान डोलावली.

स्लॅबच्या दिवशी पहाटे चारपासून बाया घमेली वाहत होत्या. कुणी धुणीभांडी करणारी, कुणी बिगारी, कुणी भाजी विकणारी. त्या दिवशीचा रोज बुडवून आल्या होत्या. त्यांनी घमेल्यांची गिनती केली नाही आणि आम्हीही केली नाही. घमेल्याची पावती फाडत नाहीत. एका मावशीने तर कानातली फुले मोडून सहाशे रुपये दिले. पैसे तिने आमच्या हातात दिले, आणि आम्ही पावती फाडली तिच्या नवऱ्याच्या नावाने. मुद्दाम नाही. विचारच केला नाही. नवरा तसा विहारात वर्षातून एकदा, जयंतीला यायचा. फलकावर वरून तिसऱ्या ओळीत तोच आहे.

मावशीला वाचता येत नव्हते. तीन-चार वर्षांपूर्वी एका रविवारी वंदना झाल्यावर ती फलकापुढे उभी राहिली आणि आम्हाला म्हणाली, "आरं, तू ल्हिलंस ना हे? माझं नाव कुठंशी हाय, दाव बरं."

आम्ही फलकाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. आणि म्हणालो, "आहे ना मावशी. वरून तिसऱ्या ओळीत."

आम्ही पंचशील घेतो. चौथे शील काय आहे ते लहान पोरही सांगेल. पण त्या वेळी तोंडातून तेच आले. तिने बोट लावून ओळी मोजल्या, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्या ओळीवरून हात फिरवला. त्यानंतर दर रविवारी ती जाताना त्या ओळीला हात लावून जायची. दर रविवारी आम्ही ते बघत होतो. पुढच्या रविवारी खरे सांगू म्हणत होतो. गेल्या वर्षावासात ती गेली. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर सुद्धा नवऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात होते.

मावशीचे नाव समोरच्या पन्नास-साठ जणींना माहीत आहे. आज त्या सांगतील. वीस वर्षांनी कोण सांगणार? तेव्हा ती ॲडी होणार. ॲडीने निदान करार तरी केला होता.

विहाराच्या वरच्या मजल्याचे काम आता काढायचे आहे. नवीन फलकाची चर्चा चालू आहे, अकरा हजारांपुढची नावे असे ऐकतो. समितीने काय ठरवायचे ते ठरवावे, पैसे लागतातच, आणि देणाऱ्याचे नाव लिहिण्यात वावगे नाही. भूतपालाचेही लिहिले होते. पण त्याच भिंतीवर नंदिकालाही जागा होती, एवढे लक्षात असू द्यावे.

दगडाचा निर्णय आमच्या हातात नाही, म्हणून आम्ही वहीपासून सुरुवात केली आहे. दोनशे पानी आहे. आमची मंडळी आणि महिला मंडळाच्या तिघी-चौघी घरोघरी बसून विचारतात. विहार बांधताना कोण कोण होते, कुणी काय दिले, पैसे, सोने, विटा, घमेली, चहा, रात्रीची राखण. बाईचे नाव आधी, मग ती कुणाची आई ते. कोडीच्या ओळीसारखे. आजपर्यंत ६३ नावे झाली. त्यांत आमच्या आईचे आहे, तिन्ही नावांसकट. मावशीचे पहिल्या पानावर आहे, त्यापुढे आम्ही सहाशे रुपये आणि कानातली फुले असे लिहिले आहे, आणि खाली पावती चुकीच्या नावाने फाडल्याचेही लिहून सही केली आहे.

नऊ जणी अशा आहेत की त्या होत्या हे सगळ्यांना आठवते, नाव कुणालाच नाही. एक पुलाकडच्या बाजूला राहायची, हसली की तोंडावर पदर घ्यायची. एक जण पोराला पाठीला बांधून वाळू चाळत होती. ते पोर आता कुठे आहे माहीत नाही. त्यांच्यासाठी ओळ मोकळी ठेवली आहे.

मुलीने कादंबरीचा शेवटही सांगितला. २०१४ साल. न्यूयॉर्कमध्ये एका पुस्तकाच्या दुकानात हेन्री नावाचा तरुण असतो. तीनशे वर्षांत तो पहिला माणूस, जो दुसऱ्या दिवशी तिला म्हणतो, तू मला आठवतेस. ती त्याला तिचे नाव सांगू शकते. तो तिच्यासारखा अमर नसतो, काही मोठाही नसतो. तो फक्त तिने सांगितलेले सगळे वह्यांमध्ये लिहून काढतो.

आपली वही विहारात तथागतांच्या मूर्तीच्या डाव्या बाजूच्या कपाटात आहे. कुलूप नाही. पेन दोरीने बांधलेले आहे, कारण आधीची दोन गेली. रविवारी वंदनेनंतर तासभर आम्ही तिथे बसतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहू आणि लिहिलेले वाचून दाखवू. त्या नऊ जणींपैकी कुणी आठवली, तर रविवारची वाट पाहू नका, रात्री आमचे दार वाजवले तरी चालेल.

जयभीम. नमो बुद्धाय.